परदेशातला विश्वचषक मैदानात बसून पाहायचाय? मुंबईहून निघण्याआधीच्या कामांचा क्रम

परदेशातली मोठी फुटबॉल स्पर्धा पाहायला निघालेल्या मुंबईकरांचे बेत पैशांपेक्षा क्रमापायी जास्त फसतात. विमान कंपनीचा सेल दिसतो, मित्रांचा ग्रुप रात्री दोनपर्यंत पेटतो आणि पहिली कुठली तिकिटं काढली जातात, तर विमानाची. मग सामन्यांची तिकिटं शोधायची, मग व्हिसाची तारीख पाहायची. सगळ्यात शेवटी कोणाच्या तरी लक्षात येतं की पासपोर्टची मुदत ऑगस्टमध्ये संपते आहे. हा क्रम बरोबर उलटा आहे.

या चुकीला एक कारणही आहे. २०१८ मध्ये रशियाने सामन्याचं तिकीट असलेल्याला फॅन आयडीवर व्हिसाशिवाय प्रवेश दिला. २०२२ मध्ये कतारने हय्या कार्डावर तेच केलं. लागोपाठ दोन विश्वचषक असे गेले आणि ‘तिकीट मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला’ हे डोक्यात घट्ट बसलं. ते दोन्ही अपवाद होते. २०२६ साठी अमेरिकेने तिकीटधारकांना व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळावी अशी सोय जाहीर केली, पण व्हिसाची हमी दिली नाही.

पुढच्या तीन स्पर्धा नजरेसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये, २४ जून ते २५ जुलै. युरो २०२८ ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये, ९ जून ते ९ जुलै. आणि २०३० चा विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत, ज्याचे सुरुवातीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेत होतील.

टप्पा १ : आधी यजमान देश पाहा, मग क्रम ठरवा

एकच क्रम सगळ्या देशांना लागू होत नाही. व्हिसा कधी काढायचा, हे तो किती आधी मागता येतो आणि किती काळ चालतो यावर ठरतं.

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना साधारणपणे १० वर्षांसाठी मिळतो, पण मुलाखतीची तारीख मिळायला फार वाट पाहावी लागू शकते. असा व्हिसा सामन्याच्या तिकिटाआधीच काढून ठेवावा. तिकीट नाही मिळालं तरी तो वाया जात नाही.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचं, उलटं. प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्जच करता येत नाही, आणि तो बहुतेक वेळा त्याच प्रवासापुरता मिळतो. म्हणून स्पेन-पोर्तुगालसाठी आधी सामन्याचं तिकीट, मग व्हिसा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तिथेही तिकीट आधी.

विमानाचं तिकीट या दोन्ही प्रकारांत शेवटी. सेल कितीही मोठा असो.

२०३० साठी आणखी एक गोष्ट आत्ताच टिपून ठेवा. मोरोक्को शेंगेनमध्ये नाही. माद्रिदला एक सामना, मग मोरोक्कोत एक, मग परत स्पेनमध्ये तिसरा, असा बेत असेल तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा मोरोक्कोला निघताच संपला. अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायचा आणि प्रवासाच्या वेळापत्रकात त्याचं कारण दिसलं पाहिजे.

युरो २०२८ मध्ये अशीच गोम डब्लिनची आहे. आयर्लंड ब्रिटनचा भाग नाही आणि शेंगेनमध्येही नाही. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना आहे. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, पण ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. ब्रिटनचा व्हिसा घेऊन थेट डब्लिनला उतरणाऱ्याला परत पाठवू शकतात.

टप्पा २ : पासपोर्ट, आणि त्यावरचं तुमचं नाव

हे काम स्पर्धेच्या वर्षभर आधी संपलेलं असावं. पासपोर्टची मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, तेव्हा वाट पाहण्याचं कारण नाही. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मी सगळ्यांना सहा महिने धरायला सांगतो, कारण बरेच देश तेवढं मागतात.

लोअर परळ, अंधेरी, मालाड किंवा ठाण्याच्या सेवा केंद्रात तारीख मिळणं हा कठीण भाग नाही. अडतं ते पोलीस पडताळणीत. आधारवर पत्ता परळच्या चाळीचा, राहणं डोंबिवलीत भाड्याने, आणि अर्जात यांपैकी भलताच एक. पोलीस ठाण्यातून माणूस येतो तेव्हा घरी कोणीच ओळखत नाही. सध्या राहता तोच पत्ता द्या आणि भाडेकरार नोंदणीकृत असू द्या.

आता नाव. आपल्याकडे बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून ‘दिलेलं नाव’ या रकान्यात असतं, आडनाव वेगळं. बँकेच्या कार्डावर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या कागदांवर तर दोन-दोन आडनावं सापडतात. तिकिटाचं खातं, विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा अर्ज, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव, तेच स्पेलिंग. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर नूतनीकरणात तो भरून घ्या. वाटेत दुबई असेल आणि तिथे दोन दिवस थांबायचा विचार असेल तर एकाच शब्दाच्या नावावर तिथला पर्यटक व्हिसा नाकारला जातो.

*तपासा : पासपोर्ट, पॅन आणि ज्या कार्डाने पैसे भरणार ते कार्ड शेजारी-शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. फरक ऐकू आला की तो आत्ताच निस्तरा.*

टप्पा ३ : कार्ड

या टप्प्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि नशिबाने लागलेली तिकिटं इथेच हातची जातात.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतं. परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार ही दोन्ही बटणं बँकेच्या ॲपमध्ये स्वतः चालू करावी लागतात, आणि प्रत्येकाची वेगळी मर्यादा असते. कार्डाची एकूण मर्यादा तीन लाख असली तरी परदेशी व्यवहारांची मर्यादा पन्नास हजारांवर अडकलेली असू शकते.

फिफाची प्रायोजक व्हिसा ही कार्ड कंपनी आहे. २०२६ च्या तिकिटांची सगळ्यात पहिली सोडत फक्त व्हिसा कार्डधारकांसाठी होती. कतारमध्ये मैदानात कार्डाने पैसे द्यायचे तर व्हिसाचंच कार्ड चालत होतं. म्हणून ग्रुपमध्ये निदान एकाकडे तरी व्हिसाचं क्रेडिट कार्ड हवं. रुपे कार्डावर इथे भिस्त ठेवू नका.

सोडतीत अर्ज करताना कार्डाचा नंबर देता, पण पैसे कापले जातात काही आठवड्यांनी, तिकीट लागल्यावर, आपोआप. तेव्हा तुम्हाला विचारायला कोणी येत नाही. मधल्या काळात कार्डाची मुदत संपली, कार्ड हरवून नवं आलं किंवा दिवाळीच्या खरेदीत मर्यादा भरून गेली तर व्यवहार नाकारला जातो आणि तिकीट दुसऱ्याकडे. अर्ज केल्यापासून निकालापर्यंत ते कार्ड दुसऱ्या कशालाही वापरू नका. आणि एकदाच वापरायचं तात्पुरतं व्हर्च्युअल कार्ड तर अर्जात अजिबात देऊ नका.

परदेशी चलनात व्यवहार झाला की बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावतात. बजेटमध्ये हे आधीच धरा.

टप्पा ४ : सामन्यांची तिकिटं

तिकिटं साधारणपणे दोन प्रकारे विकली जातात. एक सोडत, दुसरी थेट विक्री. या दोन्हींत वागायची रीत वेगळी, आणि लोक नेमकी अदलाबदल करतात.

सोडत म्हणजे म्हाडाच्या घरांसारखं. मुदतीच्या पहिल्या मिनिटाला अर्ज केला काय आणि शेवटच्या दिवशी केला काय, नंबर लागण्याची शक्यता तीच. तरी लोक पहिल्या रात्री जागतात, साइट अडकली की घाबरतात आणि घाईत चुकीच्या श्रेणीवर टिकमार्क करून मोकळे होतात. २०२६ ची मोठी सोडत ११ डिसेंबर २०२५ ते १३ जानेवारी २०२६ अशी महिनाभर उघडी होती. तिसऱ्या दिवशी, चहा घेऊन, शांतपणे अर्ज भरा.

थेट विक्रीत मात्र आधी येईल त्याला आधी. तिथे विक्री सुरू व्हायच्या आधीच रांगेच्या पानावर असायचं, पान पुन्हा-पुन्हा रिफ्रेश करायचं नाही, आणि पासपोर्टची माहिती समोर लिहून ठेवायची. वेळ यजमान देशाची दिलेली असते. जूनमध्ये स्पेन आपल्या साडेतीन तास मागे, ब्रिटन साडेचार तास मागे, रिओ साडेआठ तास मागे.

कुठल्या सामन्यांसाठी अर्ज करायचा? इथे माझं मत जरा कटू लागेल. ब्राझील, अर्जेंटिना, अंतिम सामना, एवढ्याच तीन ओळी भरणारे रिकाम्या हाती राहतात. गटातला आठवड्याच्या मधला, कमी गाजलेल्या दोन संघांचा सामना, सगळ्यात स्वस्त श्रेणी, असा एक अर्ज तरी ठेवाच. जाणं-येणं आणि व्हिसा एवढं सगळं केल्यावर मैदानात बसून पाहिलेला दक्षिण कोरियाचा सामना टीव्हीवरच्या उपांत्य सामन्याला भारी पडतो, असं मी तरी म्हणेन.

स्वस्त श्रेणीचा आकडा वाचताना तो कोणासाठी आहे ते पाहा. २०२२ मध्ये ४० रियालचं तिकीट खूप गाजलं, पण ते फक्त कतारच्या रहिवाशांसाठी होतं. बाहेरून येणाऱ्यांना गटातल्या सामन्याचं सगळ्यात स्वस्त तिकीट २५० रियालला आणि अंतिम सामन्याचं २,२०० रियालला होतं. २०२६ मध्ये तर दर मागणीप्रमाणे हलते ठेवले गेले.

*इशारा : जेवढे पैसे खरोखर भरू शकता तेवढेच अर्ज करा. ‘दहा भरू, एखादं लागेल’ म्हणणाऱ्याला कधी सहा लागतात, आणि सहाही सामन्यांचे पैसे एकदम कापले जातात. परत करायचं बटण नसतं.*

बाद फेरीचं तिकीट संघाच्या नावाने नसून सामन्याच्या क्रमांकाने असतं. ‘अमुक गटाचा विजेता विरुद्ध तमुक गटाचा उपविजेता’ एवढंच छापलेलं असतं. तुमचा लाडका संघ गटात दुसरा आला तर तो भलत्याच शहरात खेळेल. एका संघाच्या मागे जायचं असेल तर संघानुसार मिळणारी तिकिटं वेगळ्या प्रकारात शोधा, आणि संघ बाहेर पडला तर पैसे परत मिळतात का हे अटींमध्ये वाचा. प्रत्येक संघाच्या पाठीराख्यांसाठी राखीव वाटा असतो, पण तो त्या देशाच्या फुटबॉल संघटनेमार्फत जातो. आपण मुंबईत बसून अर्जेंटिनाचे कितीही कट्टर चाहते असलो तरी त्या रांगेत धरले जात नाही.

उरला प्रश्न दुसऱ्याकडून तिकीट घेण्याचा. व्हॉट्सॲपवर फिरणारं पीडीएफ तिकीट म्हणजे फसवणूक, एवढं धरून चाला. आता तिकीट आयोजकांच्या ॲपमध्ये असतं आणि ॲपमधूनच दुसऱ्याच्या नावे करता येतं. स्क्रीनशॉट दाखवून आत जाता येत नाही. अधिकृत फेरविक्री हाच मार्ग, आणि तोही स्वस्त असेलच असं नाही. २०२६ साठी फिफाने आपल्या फेरविक्रीत घेणाऱ्याकडून १५ टक्के आणि विकणाऱ्याकडून १५ टक्के शुल्क ठेवलं. इंग्लंडमध्ये तर परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट पुन्हा विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडून घेण्याचा विचारही नको.

टप्पा ५ : राहण्याची सोय

थोडक्यात : फुकट रद्द करता येईल अशीच खोली, आणि तिकीट लागताच त्याच दिवशी. व्हिसा अर्जाला प्रत्येक रात्रीचा पत्ता लागतो, म्हणून ही पायरी व्हिसाच्या आधी येते. रोज नवं शहर धरू नका. एक शहर मुक्कामाला धरून ट्रेनने ये-जा केलेली बरी. युरो २०२८ साठी बर्मिंगहॅममध्ये राहिलात तर मँचेस्टर, लिव्हरपूल आणि लंडन तिन्ही रेल्वेच्या टप्प्यात येतात. सामना रात्री उशिरा संपणार असेल तर शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी पाहा. तिकडे आपल्यासारखी मध्यरात्रीनंतरची कर्जत लोकल नसते.

टप्पा ६ : व्हिसा

शेंगेनचं गणित मांडून पाहू. जूनच्या मध्याला निघायचं असेल तर अर्ज डिसेंबरच्या मध्यापासून करता येतो आणि उशिरात उशिरा प्रवासाच्या १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण अडचण निघाली तर ४५ दिवसही लागू शकतात. एप्रिल-मेमध्ये मुंबईतल्या तारखा शाळांच्या सुट्टीत युरोप फिरायला निघालेली कुटुंबं घेऊन जातात. म्हणून फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला पंधरवडा गाठा. शुल्क प्रौढांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे. समान असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. ‘पोर्तुगालची तारीख लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज करून सगळे सामने स्पेनमध्ये पाहायचे, हा सल्ला एजंट सहज देतात. तो घेऊ नका. नकार आला की तो पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागतो. वकिलातींच्या वतीने अर्ज खासगी कंपन्या घेतात : स्पेनचे बीएलएस, पोर्तुगालचे आणि ब्रिटनचे व्हीएफएस. अमेरिकेसाठी डीएस-१६० फॉर्म, आधी बोटांचे ठसे आणि मग बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत, शुल्क १८५ डॉलर.

कागदपत्रांत हे लागतं : सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह, गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि कार्यालयाचं पत्र. पत्रात हुद्दा, मंजूर रजेच्या तारखा आणि परत रुजू होण्याची तारीख असली पाहिजे. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्र पुरत नाही. दुकान किंवा धंदा असेल तर गुमास्ता, जीएसटीची नोंदणी आणि चालू खात्याचं स्टेटमेंट. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, जाण्याच्या दिवसापासून येण्याच्या दिवसापर्यंत.

सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट म्हणजे अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक आलेले तीन लाख. काकांकडून उसने घेऊन शिल्लक फुगवली की स्टेटमेंटमध्ये ते उघडं दिसतं. त्यापेक्षा खरी शिल्लक, नियमित पगार आणि त्याला साजेसा छोटा प्रवास केव्हाही बरा. महिना पन्नास हजार पगार असलेल्याने पाच आठवड्यांचा बेत लिहिला तर समोरच्याला शंका येणारच. दोन सामने, नऊ रात्री, असा बेत मांडा. वडील किंवा भाऊ खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा सरळ जोडा, लपवू नका.

सोबत एक पानी पत्र द्या. कोणता सामना, कुठल्या तारखेला, तिकिटाची पोचपावती जोडली आहे, मुक्काम कुठे, परत का येणार. फुटबॉलवरचं प्रेम दोन ओळींत पुरे.

*इशारा : काही एजंट ‘डमी तिकीट’ देतात, म्हणजे प्रत्यक्षात नसलेलं विमान आरक्षण. तपासणीत ते सापडलं तर खोटा कागद दिल्याचा शिक्का बसतो. पैसे भरून घेतलेलं तिकीट वकिलाती मागतच नाहीत. रद्द करता येणारं किंवा होल्डवर ठेवलेलं खरं आरक्षण द्या.*

पासपोर्ट त्यांच्याकडे असताना तुम्ही देशाबाहेर जाऊ शकत नाही. ऑफिसची सिंगापूर किंवा दुबईची फेरी त्या महिन्यात येणार असेल तर साहेबांशी आधीच बोलून घ्या.

व्हिसा हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी तीन गोष्टी वाचा : नावाचं स्पेलिंग, तारखा, प्रवेशांची संख्या. चूक तिथेच दाखवली तर ती दुरुस्त करून घेणं सोपं जातं.

टप्पा ७ : आता विमान

व्हिसा पाहून मगच पैसे भरा. तोपर्यंत भाडं थोडं चढलेलं असेल, ते मान्य करा. व्हिसा नाकारल्यावर बुडणाऱ्या तिकिटापेक्षा ते कमीच.

वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तपासा. २०२७ ला ब्राझीलला जाताना न्यूयॉर्क किंवा मायामी मार्गे स्वस्त तिकीट दिसेल. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. आखाती देशांतून किंवा आफ्रिकेतून जाणारा मार्ग घ्या. आणि दोन वेगळ्या पीएनआरची तिकिटं जोडून पैसे वाचवू नका. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

तारखेची चूक तर हमखास होते. मुंबईतून बरीच परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ जून, रात्री २:३० असेल तर तुम्हाला १३ च्या रात्री विमानतळावर असायचं आहे. हॉटेलची पहिली रात्र, रजेचा पहिला दिवस आणि विम्याची तारीख, सगळं यावरून ठरवा.

सामन्याच्या दिवशी सकाळी पोचणारं विमान घेऊ नका. जून-जुलै म्हणजे आपल्याकडे धो-धो पाऊस. विमानं उशिरा सुटतात. किमान एक पूर्ण दिवस हातात ठेवा.

टप्पा ८ : निघण्याआधीचे शेवटचे दिवस

ब्राझीलला जाणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ब्राझील भारताच्या पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशांच्या यादीत आहे. तिथून परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. म्हणजे सगळं नीट पार पाडून सहारला उतरल्यावर घरी जाता येत नाही. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, नंतर ते आयुष्यभर चालतं. ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबईत बंदर आरोग्य कार्यालय आणि विमानतळ आरोग्य कार्यालयाकडे चौकशी करा, आणि महिनाभर आधी वेळ घ्या. साठीच्या पुढचे आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

खाऊचं बघा. चिवडा, चकली, मेतकूट चालेल. पेढे, साजूक तूप, खवा मात्र युरोपला जाणाऱ्या बॅगेत नको. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या दुग्धजन्य पदार्थांना युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये बंदी आहे. आईने भरून दिलेला डबा तिथल्या कचऱ्याच्या पेटीत जाताना बघवत नाही.

एकाच्या खात्यावर चौघांची तिकिटं असतील तर प्रत्येकाचं तिकीट त्याच्या फोनवर मुंबईतच पाठवून ठेवा. तिकीटवाला मित्र गर्दीत हरवला किंवा त्याचा फोन बंद पडला की बाकीचे तिघे बाहेर. भारतीय सिम चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही.

विमानतळाला निघताना अंधेरीचा सबवे भरला आहे का, ते आधी बघा. संध्याकाळच्या विमानाला भूमिगत मेट्रो टर्मिनल दोनपर्यंत जाते. मध्यरात्रीच्या विमानाला शेवटची गाडी गाठता आली तरच तिचा उपयोग, नाहीतर टॅक्सी आणि दीड तास जास्तीचा.

टप्पा ९ : सामन्याचा दिवस

दार उघडायच्या वेळी पोचा. बॅग शक्यतो नेऊच नका. युरो २०२४ मध्ये ए-४ कागदापेक्षा मोठ्या बॅगेला मैदानात प्रवेश नव्हता, आणि अमेरिकेतल्या अनेक मैदानांवर पारदर्शक पिशवीच चालते. झेंड्याची काठी, ताशा, फटाके हे सगळं दाराबाहेर राहतं. तिकीट ॲपमध्ये उघडतं आहे ना, हे हॉटेलच्या वायफायवर पाहून निघा. मैदानाजवळ हजारो फोन एकाच टॉवरला लागलेले असतात.

पासपोर्ट सोबत न्यायचा की नाही हे तिकिटाच्या अटींवर ठरतं. ओळखपत्र मागणार असतील तर तो न्यावाच लागेल. नाहीतर त्याची छापील प्रत खिशात आणि मूळ खोलीच्या तिजोरीत.

टप्पा १० : परत आल्यावर दोन कामं

भारतीय टूर कंपनीकडून विमान आणि हॉटेल असं एकत्र पॅकेज घेतलं असेल तर तिने टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला आयकर, घेतलेला असतो. नुसतं विमान किंवा नुसतं हॉटेल स्वतः बुक केलं असेल तर ते पॅकेज धरलं जात नाही. कापलेला टीसीएस तुमच्या पॅनवर जमा असतो. विवरणपत्र भरताना तो करात वळता करून घ्या किंवा परतावा मागा. बिलावर पॅन चुकीचा छापला गेला असेल तर ते आत्ताच कंपनीकडून दुरुस्त करून घ्या, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन लागत नाही.

दुसरं, वापरलेल्या व्हिसाच्या पानाची आणि बोर्डिंग पासची प्रत जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेनचा नियम सैल झाला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमात वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर त्यानंतर पाच वर्षांचा. २०३० ला मोरोक्को आणि स्पेन दोन्हीकडे सामने पाहायचे असतील तर त्याआधी युरोपच्या दोन छोट्या फेऱ्या करून ठेवा. चॅम्पियन्स लीगचा एखादा सामना पाहायला गेलात तरी चालेल.